ईम: प्लेग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेणारं इंग्लंडमधलं गाव

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, ईम आणि स्टोनी मिडलटन या दोन गावांच्या मधल्या माळावर एक दगड आहे. ओबडधोबड दगड. त्याच्या माथ्यावर गोल भोकं पाडलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी या भोकांमध्ये व्हिनेगर ओतलं जायचं आणि त्यात नाणी टाकली जायची. नाणी टाकणारा माणूस निघून गेला की दुसऱ्या बाजूने दुसरा माणूस यायचा, नाणी उचलायचा आणि त्या बदल्यात धान्य, पाव, औषधं ठेवून जायचा. दोघांची भेट कधीच व्हायची नाही.

हा दगड म्हणजे ईम गावाची शीव. १६६६ साली या शिवेच्या आत प्लेग होता. तो बाहेर जाऊ नये म्हणून गावाने स्वतःलाच कोंडून घेतलं होतं.

कोरोनाच्या काळात लॉकडाऊन, क्वारंटाइन हे शब्द घराघरात पोहोचले, तेव्हा जगभरातल्या माध्यमांना पुन्हा एकदा या गावाची आठवण झाली. पण या गावात नेमकं झालं काय होतं? आणि जी गोष्ट सांगितली जाते, ती किती खरी?

गाव कुठे आहे?

इंग्लंडच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. शेफील्ड शहराच्या नैऋत्येला, या डोंगरांच्या उतारावर ईम वसलंय. लोकसंख्या साधारण हजारभर. इंग्रजीतलं स्पेलिंग वाचून बरेच जण ‘इयाम’ म्हणतात, पण गावकरी आपल्या गावाला ‘ईम’ म्हणतात.

गाव जुनं आहे. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने करून घेतलेल्या ‘डूम्सडे’ या जमीन नोंदणीत त्याचं नाव सापडतं. चर्चच्या आवारात उभा असलेला कोरीव दगडी क्रूस तर त्याहूनही जुना, आठव्या-नवव्या शतकातला. त्याचा वरचा काही भाग गायब आहे, तरीही त्यावरचं कोरीवकाम आज स्पष्ट दिसतं.

गावाचं पोट चालायचं ते शेतीवर, मेंढ्यांवर आणि मुख्य म्हणजे शिशाच्या खाणींवर. डोंगरात बिळं खणून लोक शिसं काढायचे. खाणीचे वाद मिटवायला खाणकामगारांचं वेगळं न्यायालय असायचं. गावच्या चौकात आजही लाकडी खोडा आहे. गुन्हेगाराचे पाय त्यात अडकवून त्याला सगळ्यांसमोर बसवून ठेवायचे.

थोडक्यात, डोंगरातल्या इतर चार गावांसारखंच हे गाव होतं. सगळं बदललं ते १६६५ मध्ये, कापडाच्या एका गठ्ठ्यामुळे.

लंडनहून आलेला गठ्ठा

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं. ईम तिथून अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब. तिथल्या मरणाच्या बातम्या कानावर येत असतील, पण ते संकट आपल्या दारात येईल असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या एका शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. शिंप्याच्या हाताखाली जॉर्ज व्हिकर्स नावाचा माणूस कामाला होता आणि तो त्याच घरात राहायचा. कापड ओलसर होतं म्हणून त्याने ते शेकोटीपुढे वाळत घातलं, असं सांगितलं जातं. त्या कापडात पिसवा होत्या.

काही दिवसांतच व्हिकर्सला ताप भरला. ७ सप्टेंबर १६६५ ला त्याचं दफन झालं. ज्या मेरी कूपरच्या घरात तो राहत होता, तिचा लहान मुलगा एडवर्ड पंधरवड्यात गेला. मग शेजारी. मग समोरच्या घरातले. ऑक्टोबरमध्ये एकाच महिन्यात वीसहून जास्त माणसं दगावली.

थंडी पडली तसा जोर ओसरला. १६६६ च्या मे महिन्यात मृत्यू अगदी मोजके झाले. संकट टळलं असं लोकांना वाटायला लागलं आणि जूनमध्ये आकडे पुन्हा चढले.

दोन पाद्री, एकमेकांचे विरोधक

इथे गोष्टीत दोन माणसं येतात.

पहिला विल्यम मॉम्पेसन. गावच्या चर्चचा पाद्री. वयाची तिशीही न गाठलेला, १६६४ मध्ये नेमणूक झालेला आणि गावाला अजून परकाच. त्यात लोकांना तो फारसा आवडत नव्हता, कारण त्याच्या आधीच्या पाद्र्याला ज्या कायद्यामुळे जावं लागलं, त्या कायद्याच्या बाजूचा हा माणूस.

दुसरा थॉमस स्टॅनली. तो या चर्चचा आधीचा पाद्री. राजेशाही परत आल्यावर १६६२ साली नवा कायदा झाला आणि सगळ्या पाद्र्यांना सरकारमान्य प्रार्थनापुस्तक मानणं सक्तीचं झालं. स्टॅनलीने ते मानलं नाही, त्यामुळे त्याचं पद गेलं. पण लोकांचा विश्वास त्याच्यावरच होता.

मॉम्पेसनच्या लक्षात आलं की आपण एकट्याने सांगितलेलं गाव ऐकणार नाही. म्हणून तो स्टॅनलीला भेटला. धर्माच्या वादात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे गावासमोर एकत्र आले.

जून १६६६ मध्ये गावाने तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, मृतांना चर्चच्या स्मशानात आणायचं नाही. ज्याने त्याने आपलं माणूस आपल्याच बागेत, शेतात पुरायचं. त्या काळच्या ख्रिस्ती माणसासाठी हे सोपं नव्हतं. चर्चच्या पवित्र जमिनीत विसावा मिळणं ही त्याच्यासाठी श्रद्धेची गोष्ट होती.

दुसरी, चर्च बंद. प्रार्थना उघड्यावर, गावाजवळच्या ‘ककलेट डेल्फ’ नावाच्या घळीत. प्रत्येक कुटुंबाने इतरांपासून अंतर राखून बसायचं. घळीतल्या चुनखडीच्या नैसर्गिक कमानीत उभं राहून मॉम्पेसन प्रवचन द्यायचा.

तिसरी आणि सगळ्यात कठीण, गावाच्या शिवेबाहेर कोणी जायचं नाही आणि बाहेरच्याने आत यायचं नाही.

मग खायचं काय?

गाव बंद करायचं तर अन्नाची सोय हवी. जवळच्या चॅट्सवर्थमध्ये राहणाऱ्या डेव्हनशायरच्या अर्लकडून मदतीची कबुली मिळाली. आसपासच्या गावांतले लोक शिवेवर सामान ठेवून जायचे. ज्याचे पैसे द्यायचे असतील, ती नाणी व्हिनेगरमध्ये किंवा वाहत्या पाण्यात ठेवली जायची. गावाच्या उत्तरेला डोंगरावर एक झरा आहे. तिथेही अशी देवाणघेवाण चालायची, म्हणून आज त्याला ‘मॉम्पेसनची विहीर’ म्हणतात.

रोग कशामुळे होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. दूषित हवा, देवाचा कोप, ग्रहांची युती अशी कारणं सांगितली जायची. पण रोग माणसाबरोबर आणि त्याच्या वस्तूंबरोबर प्रवास करतो, एवढं अनुभवाने कळलेलं होतं.

आठ दिवसांत सात कबरी

उन्हाळ्यात प्लेग खऱ्या अर्थाने पसरला. जुलैत पन्नासहून जास्त आणि ऑगस्टमध्ये सत्तरहून जास्त माणसं गेली.

गावाबाहेर रायली नावाच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉक राहायची. ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत तिचा नवरा आणि सहा मुलं गेली. मदतीला कोणी येणं शक्य नव्हतं. तिने सातही जणांना स्वतःच्या हाताने पुरलं. पायाला कापड बांधून मृतदेह ओढत न्यायची, असं गावात सांगतात. ती स्वतः मात्र वाचली. नंतर ती शेफील्डला, तिच्या उरलेल्या एकुलत्या मुलाकडे निघून गेली.

ज्या घरात पुरायलाही कोणी उरलं नव्हतं, तिथे मार्शल हाऊ जायचा. हा धिप्पाड खाणकामगार प्लेगमधून बरा झाला होता. आता आपल्याला पुन्हा काही होणार नाही, असं त्याला वाटायचं. दफनाच्या बदल्यात तो मेलेल्याच्या घरातल्या वस्तू घेऊन जायचा. त्याची बायको आणि मुलगा दोघेही प्लेगने गेले. त्याने घरी आणलेल्या त्या वस्तूंमधूनच रोग आला, असं लोक म्हणत राहिले. पुढे कित्येक वर्षं गावातल्या आया हट्टी पोरांना मार्शल हाऊची भीती घालायच्या.

मॉम्पेसनचं घरही सुटलं नाही. गाव बंद होण्याआधी त्याने आपल्या दोन मुलांना यॉर्कशायरला पाठवलं होतं. बायको कॅथरीनलाही जायला सांगितलं, पण ती थांबली. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी फिरताना ती ‘हवेला किती गोड वास येतोय’ असं म्हणाली आणि मॉम्पेसनच्या काळजात धस्स झालं, अशी कथा आहे. असा वास येणं हे प्लेगचं लक्षण मानलं जायचं. २५ ऑगस्टला कॅथरीन गेली.

शेजारच्या स्टोनी मिडलटन गावचा रोलंड टोर आणि ईमची एमट सिडल यांचीही गोष्ट सांगितली जाते. दोघांचं लग्न ठरलेलं होतं. एकमेकांना लागण होऊ नये म्हणून ते घळीच्या दोन काठांवर उभे राहून लांबूनच एकमेकांना बघायचे. एप्रिल १६६६ च्या शेवटी एमट गेली. रोलंड मात्र तिची वाट बघत येत राहिला, असं म्हणतात.

१ नोव्हेंबर १६६६ ला अब्राहम मॉर्टनचा मृत्यू झाला. तो शेवटचा. त्यानंतर मॉम्पेसनने लोकांना कपडे, अंथरुणं जाळायला सांगितली आणि स्वतःचेही कपडे जाळले. २० नोव्हेंबरच्या पत्रात त्याने हिशेब लिहिला: ७६ कुटुंबांत प्लेग शिरला आणि २५९ माणसं गेली. आज साधारणपणे २६० हा आकडा धरला जातो.

गावातली किती माणसं गेली?

गावाची लोकसंख्या ३५० होती आणि त्यातले २६० गेले, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. म्हणजे चारातले तीन. पण चर्चच्या नोंदी आणि कराच्या याद्या तपासल्यावर अभ्यासकांना लोकसंख्या बरीच जास्त, सातशेच्या आसपास असावी असं दिसलं. तसं धरलं तरी तीनातला एक माणूस गेला. भारतातल्या एखाद्या छोट्या वाडीत वर्षभरात दर तीन माणसांमागे एक गेलं तर काय होईल, याचा विचार केला की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

प्लेग नेमका पसरला कसा?

याचं उत्तर मिळायला जगाला आणखी दोनशे वर्षं लागली आणि ते मिळण्यात भारताचा वाटा आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत पोहोचला, पुढच्या वर्षी पुण्यात. भारतात काम करणारा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्ये कराचीत उंदरांवर प्रयोग केले आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे दाखवून दिलं.

मग एक प्रश्न उभा राहतो. रोग उंदीर आणि पिसवांमुळे पसरत असेल, तर माणसांना गावात कोंडून काय उपयोग? काही जण तर म्हणाले की लोक रानात पांगले असते तर जास्त जीव वाचले असते.

२०१६ मध्ये दोन संशोधकांनी ईमच्या नोंदी गणिती पद्धतीने तपासल्या. कोणत्या घरात कोण कधी गेलं हे इतकं नेमकं लिहिलेलं असल्यामुळे ते शक्य झालं. त्यांच्या अंदाजानुसार जवळपास तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली आणि उंदरांकडून फक्त एक चतुर्थांश. माणसांच्या अंगावरच्या पिसवा-उवा किंवा श्वासातून हा प्रसार झाला असावा. तसं असेल तर गाव बंद करण्याचा बाहेरच्यांना फायदा झाला. गावातल्यांनी मात्र त्याची किंमत मोजली, कारण एकाच घरात राहणाऱ्यांना एकमेकांपासून सुटका नव्हती.

आजारी माणसांच्या सोबत राहूनही एलिझाबेथसारखी काही माणसं कशी वाचली? त्यांच्या वंशजांचा डीएनए तपासला गेला. ‘सीसीआर-५ डेल्टा ३२’ नावाच्या जनुकीय बदलामुळे ती वाचली असतील, अशी बरीच चर्चा झाली. पण पुढे उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्या बदलाने प्लेगपासून संरक्षण मिळताना दिसलं नाही.

त्याग की नाइलाज?

इंटरनेटवर ईमची गोष्ट बहुतेक वेळा ‘दुसऱ्यांसाठी प्राण देणारं गाव’ अशीच येते. इतिहासकार मात्र थोडं थांबून बघायला सांगतात.

पॅट्रिक वॉलिस या इतिहासकाराने २००६ मध्ये या विषयावर लिहिलं. त्याच्या मांडणीनुसार त्या काळात बाहेरच्या जगाने ईमची फारशी दखल घेतली नव्हती. शूर गावकऱ्यांची गोष्ट आकाराला आली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. त्यात याच गावात १७४२ साली जन्मलेली कवयित्री ॲना सीवर्ड होती आणि १८४२ मध्ये गावाचा इतिहास लिहिणारा विल्यम वुडही होता. रोलंड-एमटच्या भेटी, गोड वासाची हवा अशा गोष्टी या काळातल्या लेखनातून आणि गावच्या आठवणींतून आल्या आहेत. चर्चच्या नोंदवहीत फक्त नावं आणि तारखा आहेत.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्याकडे पैसा होता, दुसरीकडे घर होतं, त्यांच्यातले काही आधीच निघून गेले होते. पाद्र्याची मुलंही बाहेर होती. गरीब खाणकामगार जाणार कुठे? जवळच्या टाइड्सवेलच्या बाजारात गेलेल्या ईमच्या एका बाईला लोकांनी ‘प्लेग, प्लेग’ म्हणून दगड-चिखल मारत हाकलल्याची कथा सांगितली जाते. शिवेपलीकडे स्वागत नव्हतंच.

मग हे सगळं खोटं का? तर नाही. त्या काळी इंग्लंडच्या शहरांत प्लेगचं घर बाहेरून बंद करून दारावर पहारेकरी बसवायची पद्धत होती. ईमच्या लोकांना शीव ओलांडायची असती तर डोंगरातल्या शंभर वाटा मोकळ्या होत्या. अंधारात निघून जाणं अवघड नव्हतं. तरीही बहुतेक लोक थांबले. काही नाइलाजाने, काही श्रद्धेने, काही दोन्ही पाद्री एकच गोष्ट सांगतायत म्हणून.

मराठी वाचकाला हा फरक पटकन कळेल. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारने सैनिकांना घराघरात घुसवलं. त्या जाचाचा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. रोग तोच होता आणि माणसांना वेगळं ठेवण्याचा उद्देशही तोच. ईममध्ये मात्र ते सांगायला लोकांच्या ओळखीची, त्यांच्याच भाषेत बोलणारी माणसं होती.

आज ईममध्ये काय बघायला मिळतं?

सेंट लॉरेन्स चर्च: कॅथरीन मॉम्पेसनची कबर, जुना दगडी क्रूस आणि भिंतीवरचं १७७५ चं सूर्यघड्याळ इथेच आहे. प्लेगची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी १९८५ ची. प्लेगमध्ये गेलेल्यांची नावंही इथे वाचता येतात.

प्लेग कॉटेजेस: चर्चच्या शेजारची दगडी घरं. जॉर्ज व्हिकर्स राहायचा ते घर यातलंच. घरापुढच्या पाट्यांवर त्या घरातलं कोण कोण गेलं ते लिहिलंय. या घरांत आजही लोक राहतात.

रायली ग्रेव्ह्ज: हॅनकॉक कुटुंबाच्या कबरी. गावापासून थोडं चालत गेलं की शेतात दगडी कुंपणाच्या आत त्या दिसतात. आता नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्यांची काळजी घेते.

शिवेचा दगड आणि मॉम्पेसनची विहीर: दगडाच्या भोकांत आजही येणारे-जाणारे नाणी ठेवतात.

ईम हॉल: प्लेग संपल्यावर काही वर्षांतच, १६७१-७२ च्या सुमारास राइट कुटुंबाने बांधलेला वाडा.

ईम म्युझियम: १९९४ मध्ये सुरू झालेलं छोटं संग्रहालय. त्याच्या छपरावरच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या यंत्रावर कोंबड्याच्या जागी उंदीर आहे.

ककलेट डेल्फ: दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ‘प्लेग संडे’ला गावकरी मिरवणुकीने या घळीत जातात आणि उघड्यावर प्रार्थना करतात. याच सुमारास गावातल्या पाणवठ्यांवर ओल्या मातीच्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या चिकटवून चित्रं मांडली जातात. ही डर्बीशायरची जुनी प्रथा.

त्या दोघांचं पुढे काय झालं?

थॉमस स्टॅनली ईममध्येच राहिला आणि १६७० मध्ये तिथेच वारला.

मॉम्पेसनची काही वर्षांनी नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंग गावी बदली झाली. तिथल्या लोकांना कळलं की हा प्लेगच्या गावातून आलाय. त्यांनी त्याला गावात घ्यायला नकार दिला. भीती जाईपर्यंत त्याला जवळच्या रफर्ड पार्कमध्ये एका झोपडीत राहावं लागलं, असं सांगतात. प्लेग संपून तीन-चार वर्षं झाली होती. ज्याने स्वतःच्या गावाला शिवेच्या आत थांबायला लावलं, तो आता दुसऱ्या गावाच्या शिवेबाहेर थांबला होता.

१७०९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर ईकरिंगला आहे, कॅथरीनची ईमला. दरवर्षी प्लेग संडेच्या दिवशी गावकरी तिच्या कबरीवर लाल गुलाबांचं चक्र ठेवतात.